काळ्या परीकथेच्या पिक्चरला ऑर्केस्ट्रा लागतोच का? (अन् परवडत नसेल तं काय करायचं)

इतवारीचा_पोऱ्या | १४ एप्रिल, रात्री ११:४०

राजेहो, मदत पाहिजे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मित्रानं ३८ मिनिटांची फिल्म केली आहे. एडिट लॉक झालं अन् बॅकग्राउंड म्युझिक माझ्या गळ्यात पडलं, कारण ग्रुपमध्ये कीबोर्ड फक्त माझ्याकडे आहे. मी आजपर्यंत दोन जाहिराती अन् मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ एवढंच केलं आहे.

गोष्ट मारबतीची आहे. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे काळी अन् पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते, काळी १८८१ पासून अन् पिवळी १८८५ पासून. बांबू-कागदाची भलीमोठी बाई, पुढे पोरं ओरडतात "खासी खोकला घेऊन जा गे मारबत", गावाबाहेर नेऊन जाळायची. तर आमच्या फिल्ममधली नऊ वर्षांची पोरगी आहे, तिच्या लहान भावाचा खोकला जात नाही, घरात सगळे त्याच्याच मागे, हिच्याकडे कोणी पाहत नाही. मिरवणुकीत ती रागानं ओरडते, "याला घेऊन जा". दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण रिकामं. मग ती मारबतीच्या पोटात शिरते भावाला आणायला, अन् तिथं लोकांनी इतक्या वर्षांत पाठवलेला सगळा खोकला, ताप, इडापीडा राहून राहिली आहे. पुढचं नाही सांगत.

प्रॉब्लेम असा की एडिट करताना डायरेक्टरनं खाली परदेशी पिक्चरचं म्युझिक लावलं, तात्पुरतं म्हणून, अन् आता त्याला तेच आवडून राहिलं. म्हणतो असंच पाहिजे, ऐंशी लोकांचा ऑर्केस्ट्रा. म्युझिकचं बजेट ४० हजार, सगळं मिळून. मी कीबोर्डवर स्ट्रिंग्ज वाजवून पाहिल्या तर लोकल केबलवरच्या सकाळच्या भक्तिरंगसारखं वाटते. काय करू?

तर्रीपोहे | १४ एप्रिल, रात्री ११:५२

ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत येते तोच नं? त्यात निवेदक पण फुकट येते, शेरोशायरीसकट. गणपतीच्या तारखा आत्ताच धर भाऊ, नंतर भेटत नाही.

कोथरूडकर | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

गोष्ट भारी आहे. नागपूरकरांकडे संत्र्याशिवायही काही आहे हे आज कळलं.

तर्रीपोहे | १५ एप्रिल, सकाळी ७:१८

सकाळी सकाळी आला का बे तू. जा, मिसळीत साखर टाक.

पिक्चरवेडा | १५ एप्रिल, सकाळी ९:०५

धागाकर्त्याला माझं एकच सांगणं, आधी 'पॅन्स लॅबिरिन्थ' (२००६) परत पहा, पण डोळे मिटून. गोष्ट १९४४च्या स्पेनमधली, एकीकडे फौजी क्रूरपणा अन् दुसरीकडे मुलीची परीकथा. संगीत खाविएर नवारेतेचं, ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. ऑर्केस्ट्रा प्रागचा, मोठा. पण तुम्हाला आठवतं काय? अंगाई! पिक्चर सुरू होतो तेव्हा पडदा काळा, मुलीचा अडकत येणारा श्वास अन् बाईचं गुणगुणणं. शब्द नाहीत. मग पूर्ण पिक्चरभर ती अंगाई कधी पियानोवर, कधी व्हायोलिनवर, कधी सगळ्या वाद्यांवर फिरत राहते. ऐंशी लोक एका गुणगुणण्याची राखण करायला बसवले आहेत असं मला नेहमी वाटतं.

तुमच्या डायरेक्टरनं खाली लावलंय ते हेच असणार, पैज लावतो.

इतवारीचा_पोऱ्या | १५ एप्रिल, सकाळी ९:३०

पैज जिंकलात.

दुसरा_व्हायोलिन | १५ एप्रिल, दुपारी १:२०

मी मुंबईत बरीच वर्षं स्टुडिओत व्हायोलिन वाजवलं, कायम मागच्या रांगेत, आता धरमपेठेत शिकवतो. थोडं स्पष्ट बोलतो, राग नको.

ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हे आधी कळू द्या. पूर्ण स्ट्रिंग सेक्शन साधारण १४ पहिले व्हायोलिन, १२ दुसरे, १० व्हायोला, ८ चेलो, ६ डबल बास, म्हणजे पन्नास माणसं नुसती गजवाली, वर फुंकणारे वेगळे. हे पन्नास लोक मिळून जेव्हा अगदी हळू वाजवतात, तेव्हा जो आवाज होतो तो एका व्हायोलिनचा आवाज पन्नास पट केल्यावर होत नाही. प्रत्येकाचा सूर केसाएवढा वेगळा, प्रत्येकाचा गज वेगळ्या क्षणी वळतो, म्हणून तो आवाज जिवंत जनावरासारखा हलतो. तुमच्या कीबोर्डात तो हलत नाही, म्हणून भक्तिरंग वाटतो.

भीतीच्या जागी आम्हाला काय करायला सांगायचे ते सांगतो. गज घोडीच्या अगदी जवळ आणून थरथरवायचा, आवाज काचेवर नख ओढल्यासारखा येतो, त्यात मूळ सूर बारीक होतो अन् वरचे सूर किंचाळतात. किंवा गज उलटा करून लाकडानं तारेवर टकटक करायची. (चांगल्या गजाचं वाटोळं होतं, म्हणून लोक त्यासाठी जुना गज आणतात, मी पण ठेवला होता.) किंवा म्यूट लावून सगळ्यांनी कुजबुजल्यासारखं. हे सगळं खऱ्या माणसांनीच होतं. त्यामुळे प्रश्नाचं उत्तर : हो, ऑर्केस्ट्रा लागतो. परवडत नसेल तर वेगळी फिल्म करा.

तर्रीपोहे | १५ एप्रिल, दुपारी १:२६

काका, फिल्म झाली आहे जी. आता वेगळी कशी करते तो.

मारवा_सहा_वाजता | १५ एप्रिल, सायंकाळी ६:०२

दुसरा_व्हायोलिन यांच्याबद्दल आदर ठेवून असहमत. भीती वाद्यांच्या संख्येत नसते हो, सुरात असते. पाश्चात्त्य लोक ज्याला ट्रायटोन म्हणतात, सैतानाचा सूर वगैरे, ते म्हणजे आपलं सा आणि तीव्र मध्यम. मध्ययुगात चर्चनं त्यावर बंदीच घातली होती. आपल्याकडे तोच मध्यम रोज संध्याकाळी घरोघरी गातात. एका तानपुऱ्यावर मारवा लावा आणि पोरीला अंधारात पाठवा, झालं तुमचं संगीत.

पिक्चरवेडा | १५ एप्रिल, सायंकाळी ६:४०

ताई, चर्चच्या बंदीची गोष्ट सगळीकडे फिरते पण तसा काही फतवा नव्हता. गायला अवघड म्हणून टाळायचे, एवढंच. 'संगीतातला सैतान' हे नावही बरंच नंतरचं, अठराव्या शतकात रूढ झालेलं.

नवशिका_पेटीवाला | १५ एप्रिल, सायंकाळी ६:५५

मग यमनमध्ये पण तीव्र म आहे की. यमन ऐकून कोणाला भीती वाटते? मला तर झोप येते (क्लासमध्ये) (सरांना सांगू नका)

मारवा_सहा_वाजता | १५ एप्रिल, रात्री ८:१०

पिक्चरवेडा, बंदीचं मागे घेते.

पेटीवाल्या, प्रश्न चांगला विचारलास. यमनमध्ये तीव्र मध्यमाच्या शेजारी पंचम आहे. मध्यम लागला की कानाला माहीत असतं आता पंचम येणार, घर जवळ आहे. मारव्यात पंचमच नाही. वर कोमल रिषभ, आणि षड्जावरही फार टेकायचं नाही, धैवत-रिषभावर रेंगाळायचं. म्हणजे उंबरठा दिसतोय पण घरात घेत नाहीत. दिवेलागणीला मूल अजून बाहेरून आलं नाही की आईच्या पोटात जे होतं ते मारवा आहे. सूर तोच, शेजार बदलला की स्वभाव बदलतो.

धागाकर्त्या, तुझ्या पोरीला घर सापडत नाहीये ना? मग पंचम लपवून ठेव. भाऊ सापडेल तेव्हा दे.

इतवारीचा_पोऱ्या | १५ एप्रिल, रात्री ८:३१

ताई हे वाचून अंगावर काटा आला. आत्ताच करून पाहतो.

नवशिका_पेटीवाला | १५ एप्रिल, रात्री ८:४०

वाखूसा (वाचनखूण साठवली).

दुसरा_व्हायोलिन | १५ एप्रिल, रात्री ९:१५

बाईंचं मारव्याचं बोलणं सुंदर आहे, पण तानपुरा लावला की प्रेक्षकाला बैठकीत बसल्यासारखं वाटतं. पोट मारबतीचं आहे, मैफलीचं नाही.

पिक्चरवेडा | १६ एप्रिल, सकाळी ८:५०

दोघांच्या मधलं काही सांगू का. परीकथेचा आवाज वेगळा अन् भीतीचा आवाज वेगळा, काळ्या परीकथेत दोन्ही एकाच वेळी लागतात. परीकथेसाठी जगभर ठरलेलं वाद्य म्हणजे सेलेस्टा. दिसायला छोट्या पियानोसारखं, पण आत तारांऐवजी पोलादी पट्ट्या, त्यावर हातोड्या पडतात. पॅरिसच्या ऑग्युस्त म्युस्तेलनं १८८६ मध्ये काढलं. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीनं ते पॅरिसमध्ये ऐकलं अन् आपल्या प्रकाशकाला लिहून कळवलं की गुपचूप मागवा, रिम्स्की-कोर्साकोव्ह अन् ग्लाझुनोव्हला पत्ता लागता कामा नये, नाहीतर ते माझ्या आधी वापरतील! मग १८९२ च्या 'नटक्रॅकर' बॅलेत साखरपरीच्या नाचाला ते वाजलं अन् तेव्हापासून बर्फ, जादू, परी म्हटलं की तेच.

आता हाडांसाठी फ्रेंच संगीतकार सेंट-साँसचं 'दान्स माकाब्र' (मृत्यूचा नाच) घ्या, १८७४. सांगाडे नाचतात तिथं झायलोफोन, अन् मृत्यू व्हायोलिन वाजवतो तेव्हा त्या व्हायोलिनची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्धा सूर उतरवलेली. म्हणजे मोकळ्या दोन तारा एकत्र छेडल्या की तोच ट्रायटोन, बोट न लावता.

दुसरा_व्हायोलिन | १६ एप्रिल, सकाळी ९:३५

हे बरोबर आहे. वाजवलंय मी. पहिल्यांदा वाजवताना हात चुकतो कारण वरच्या तारेवर बोट नेहमीच्या जागी ठेवलं की सूर भलताच येतो.

कोथरूडकर | १६ एप्रिल, सकाळी ९:४१

म्हणजे मृत्यूसुद्धा बेसूर व्हायोलिन घेऊन येतो. आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी येतो तो.

पिक्चरवेडा | १६ एप्रिल, सकाळी १०:१०

अजून एक सोपी युक्ती. 'दीएस इरे' नावाची जुनी लॅटिन अंत्यविधीची प्रार्थना आहे, तिचे पहिले चार सूर जगभरच्या पिक्चरवाल्यांनी मरणाची खूण म्हणून घासून घासून वापरले. आपल्या भाषेत कोमल ग, रे, कोमल ग, सा. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझनं १८३०च्या सिंफनीत घेतली तेव्हापासून चालूच आहे. बेसमध्ये हळू टाका, ओळखणारा ओळखतो, न ओळखणाऱ्याला नुसतंच जड वाटतं.

धंतोलीची_मावशी | १६ एप्रिल, दुपारी १२:३०

कशाला ते लॅटिन? इतवारीतल्या माणसाला मरणाची खूण परदेशातून मागवावी लागते का रे? मारबत म्हणजे घोष आहे, हजार माणसं एकदम ओरडतात. माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, लहानपणी मला मारबत बघायची नाही अशी ताकीद होती, मी गच्चीवर पालथी झोपून बघायचे. दिसायचं काहीच नाही, नुसता आवाज गल्लीतून वर यायचा, ढोल वेगळे कळायचे नाहीत की माणसं वेगळी कळायची नाहीत. अन् मग मिरवणूक पुढे गेली की एकदम एवढी शांतता, कोणाच्या तरी घरातलं घड्याळ ऐकू यायचं. मला त्या आवाजाची नाही, त्या शांततेची भीती वाटायची. वाटायचं आता ती सगळं घेऊन गेली, आपलंही काही चुकून गेलं असेल.

तर्रीपोहे | १६ एप्रिल, दुपारी १२:४४

मावशी, दंडवत. मी आज जोक नाही मारत.

शून्य_डेसिबल | १६ एप्रिल, दुपारी ३:००

साउंडवाला आहे, मावशींच्या पोस्टला +१००.

धागाकर्ता, तुमच्याकडे मिरवणुकीचा लाइव्ह साउंड असेलच ना शूटिंगचा? तोच तुमचा ऑर्केस्ट्रा. "घेऊन जा गे" हा घोष घ्या, चार पट सावकाश करा, दोन सप्तक खाली न्या. शब्द कळत नाहीत पण माणसांचा आहे एवढं कळतं. पोटातल्या सीनला खाली तेच ठेवा. एकही पैसा लागत नाही.

आता स्ट्रिंग्ज. दोन व्हायोलिन, एक चेलो एवढी तीन माणसं बोलवा. कीबोर्डची स्ट्रिंग्ज खाली ठेवा, अगदी बारीक, अन् त्यावर खऱ्या तिघांचे चार-पाच थर घ्या, म्हणजे तेच परत परत वाजवून रेकॉर्डिंग एकावर एक ठेवायचं. प्रत्येक थराला माणसांच्या खुर्च्या बदला, माइक हलवा, जमलं तर वाद्य बदला, नाहीतर एकाच माणसाचं तेच व्हायब्रेटो (सुराची थरथर) पाचदा साठून आवाज चिकट होतो. कानाला हलणारी कड खऱ्याची लागते, पोट सॅम्पलचं चालतं. पन्नास लोक नाही होणार, पण बारा-पंधरा झाल्यासारखं वाटतं, अन् ३८ मिनिटांच्या फिल्मला तेवढं बास.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, डायरेक्टरला सांगा ते टेम्पवालं म्युझिक काढून आठ दिवस फिल्म कोरी बघ. टेम्पच्या प्रेमात पडलेला डायरेक्टर म्हणजे दुसऱ्याच्या बायकोचा फोटो दाखवून स्थळ शोधणारा मुलगा.

कोथरूडकर | १६ एप्रिल, दुपारी ३:०६

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

दुसरा_व्हायोलिन | १६ एप्रिल, दुपारी ४:२०

थरांची युक्ती चालते, मी नाही म्हणत नाही. पण त्याला ऑर्केस्ट्रा म्हणू नका. 'सैराट'चं (२०१६) हॉलिवूडच्या सोनी स्टेजवर खऱ्या सिंफनीत रेकॉर्डिंग झालं, मराठी पिक्चर होता तो. तेव्हा मराठीत होतच नाही असं काही नाही.

शून्य_डेसिबल | १६ एप्रिल, दुपारी ४:२८

सर, ४० हजारात सोनीच्या पार्किंगमध्ये पण उभं राहू देणार नाहीत.

पिक्चरवेडा | १६ एप्रिल, सायंकाळी ५:१५

'तुंबाड' (२०१८) विसरलात सगळे? गोष्ट कोकणातली, प्रेरणा नारायण धारपांची, अन् पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या जेस्पर कीडचं, ज्याचं नाव व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी. त्यानं ना कोकण वाजवलं ना डेन्मार्क. ओल वाजवली, भूक वाजवली. मातीचा पिक्चर म्हणून संबळ अन् परीचा पिक्चर म्हणून सेलेस्टा असं काही बंधन नाही.

अन् पोऱ्या, तू घाबरू नको. हॉलिवूडचा संगीतकार डॅनी एल्फमन रॉक बँडमधून आला, संगीताचं रीतसर शिक्षण नाही. 'एडवर्ड सिझरहँड्स' (१९९०) ऐक, सेलेस्टा अन् शब्द नसलेला कोरस, बर्फासारखं. त्याच्या सुरांचं ऑर्केस्ट्रेशन (कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहिणं) त्याच्याच बँडमधला गिटारवाला स्टीव्ह बार्टेक करायचा. तुला दुसरा_व्हायोलिन सर आहेत.

दुसरा_व्हायोलिन | १६ एप्रिल, सायंकाळी ५:३०

मी हो म्हटलेलं नाही.

वडसा_एक्सप्रेस | १६ एप्रिल, रात्री ११:५५

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, वडस्याचा. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकात ऑर्गन वाजवतो, रात्रभर, उरलेले दिवस शेती. वाचून राहिलो होतो दोन दिवसापासून, लिहू का नको करत होतो.

आमच्याकडं नाटक रात्री दहाला उभं होते अन् उजाडेपर्यंत चालते. म्युझिक सगळं समोर बसून, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. कानात तालाची क्लिक नाही काही नाही, नटाच्या पायाकडं पाहून वाजवाचं. भुताचा सीन आला का नवीन पोरगा ऑक्टोपॅडवर धडामधूम करते, पब्लिक हसते. मी ऑर्गनवर एकच खालचा सूर धरून ठेवतो जी. बाई विहिरीकडं चालली, तरी तोच. वाकली, तरी तोच. अन् मग सोडून देतो. सोडला का तीन-चार हजार माणूस एकदम श्वास घेते, मले पाठीमागून ऐकू येते. भेव सूर धरण्यात नाही, सोडण्यात आहे, मावशी म्हणतात तेच.

अजून एक. माझा ऑर्गन जुना पायभात्याचा आहे, आजोबाचा. एकपण पट्टी न दाबता नुसता भाता हाणला अन् एक पट्टी किंचित अटकलेली राहिली तर जे ऐकू येते ते सूर नसते, झोपलेल्या मोठ्या जनावराचा श्वास असते. तुमची मारबत झोपली असंल पोटात गेल्यावर, तर तिचा श्वास माझ्याकडं आहे. पैसे नका देऊ, एसटीचं तिकीट काढून द्या अन् ऑर्गन न्याले गाडी पाठवा.

इतवारीचा_पोऱ्या | १७ एप्रिल, रात्री १२:१०

दादा नंबर पाठवा मेसेजमध्ये. आत्ता. झोपू नका.

धंतोलीची_मावशी | १७ एप्रिल, सकाळी ७:४०

जेवायला माझ्याकडे आणा त्यांना. अन् एक राहिलं. अंगाईचं म्हणालात ना वर, तर अंगाई नेहमी दमलेल्या माणसानं म्हटलेली असते. स्टुडिओतली बाई आणू नका.

पॉपकॉर्न_घेऊन | १७ एप्रिल, सकाळी १०:००

या धाग्यावर सावजीचा विषय अजून निघाला नाही याची नोंद घ्यावी.

तर्रीपोहे | १७ एप्रिल, सकाळी १०:०३

निघाला. आता हायजॅक. माझ्या मते सगळ्यात काळी परीकथा म्हणजे सावजीची तर्री, वरून लाल, खाली काय आहे कोणाले माहीत नाही.

(पुढच्या अकरा पोस्ट सावजीत तेल किती यावर झाल्या, संपादकांनी दुसऱ्या धाग्यावर हलवल्या.)

नवशिका_पेटीवाला | २ मे, रात्री ९:००

पोऱ्या, काय झालं पुढे? वर काढतो धागा.

इतवारीचा_पोऱ्या | ४ मे, रात्री १:३०

सॉरी राजेहो, झोपेचं खोबरं झालं आहे, सांगतो.

डायरेक्टरनं टेम्प काढून फिल्म पाहिली. पहिल्या दिवशी रडवेला झाला, चौथ्या दिवशी स्वतःहून दोन ठिकाणी म्हणाला इथं म्युझिकच नको.

रेकॉर्डिंग मित्राच्या फ्लॅटवर केलं. बाहेर ४४ डिग्री, कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये पाऊस पडल्यासारखं येते, म्हणून चार मिनिटं कूलर बंद करून टेक, मग दहा मिनिटं कूलर लावून सगळे ओल्या टॉवेलखाली. दुसरा_व्हायोलिन सर आले होते (हो म्हटलेलं नव्हतं तरी आले). सोबत दोन विद्यार्थी, एक चेलोवाली. खुर्च्या बदलून बदलून पाच थर घेतले. सर प्रत्येक टेकनंतर म्हणायचे "हा ऑर्केस्ट्रा नाही", अन् परत गज उचलायचे. गरमीनं तारा उतरत होत्या, तर सर म्हणाले उतरू दे, पोटातल्या सीनला हेच पाहिजे. दान्स माकाब्र फुकटात.

वडश्याचे दादा ऑर्गन घेऊन आले. तीन मजले चढवला, लिफ्टमध्ये मावत नव्हता. नुसता भाता मारला त्यांनी, डोळे मिटून, अन् खोलीत कोणी बोललं नाही. एका जागी पायाचा करकर आवाज येते, तो पण ठेवला. खाली शून्य_डेसिबल भाऊंनी सांगितलेला घोष, चार पट सावकाश. ऐकून माझा भाचा खोलीतून उठून गेला.

पंचम ३१ मिनिटांपर्यंत लपवला आहे ताई. सेलेस्टा फक्त एकदा, पोरगी आत उतरते तेव्हा, ती पण कीबोर्डचीच. दीएस इरे टाकलं होतं, मावशींच्या भेवानं काढलं.

आता अडचण. अंगाई माझ्या आजीनं म्हटली. मावशी म्हणाल्या दमलेली पाहिजे, तर आजी ८१ वर्षांची आहे, दुपारी भांडी आवरून बसली होती. मोबाइल समोर धरला अन् म्हटलं गुणगुण काहीतरी, आम्हाला झोपवताना म्हणायचीस ते. दोन मिनिटं वीस सेकंद, एकच टेक, शब्द विसरली म्हणून नुसतं हुं हुं. अन् बरोबर मध्ये तिला खोकला आला. खोकली, पाण्याचा घोट घेतला, पेला ओट्यावर ठेवला तो आवाज पण आहे, अन् जिथं सोडलं होतं त्याच सुरावरून पुढे चालू केलं. परत करून घ्यायचा प्रयत्न केला तर लाजून राहिली, आता रेडिओवर गाते तसं गाते.

हे शेवटच्या सीनला आहे, पोरगी घरी परत आल्यावर. खोकला कापू का ठेवू? मिक्स शनिवारी आहे.

शून्य_डेसिबल | ४ मे, सकाळी ८:०५

कापायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे तांत्रिक अडचण काही नाही. पण अख्ख्या फिल्मभर खोकला पाठवून देताय अन् शेवटी घरातच खोकला. मी असतो तर ठेवला असता.

दुसरा_व्हायोलिन | ४ मे, सकाळी ८:४०

कापा. पेल्याचा आवाज ठेवा. खोकल्यानं प्रेक्षकाला वाटेल बाजूच्या खुर्चीतला खोकला, थेटरात नेहमी कोणीतरी खोकतंच. मग लोक अंगाई सोडून एकमेकांकडे बघतील.

पिक्चरवेडा | ४ मे, सकाळी ९:१०

सर, लोकांनी एकमेकांकडे बघितलं तर त्याहून भारी काय पाहिजे?

मारवा_सहा_वाजता | ४ मे, सकाळी ९:२२

जिथं सोडलं त्याच सुरावरून पुढे चालू केलं म्हणतोस. तानपुरा नाही, पेटी नाही, खोकल्यानंतर? ८१व्या वर्षी? मला फाइल पाठव आधी, बाकीचं नंतर.

वडसा_एक्सप्रेस | ४ मे, दुपारी २:००

ठेवा जी. मी त्या दिवशी आजींच्या हातचा चहा पिला, तेव्हापण खोकत होत्या.

धंतोलीची_मावशी | ४ मे, दुपारी २:१५

फिल्मचं राहू दे. अडुळसा देतोस की नाही तिला? १७ तारखेला वडश्याचे दादा माझ्याकडे जेवायला आले तेव्हाच म्हणत होते म्हातारी खोकते म्हणून. उद्या सकाळी डॉक्टरकडे ने, कूलरसमोर बसू देऊ नको अन् इथे येऊन काय म्हणाले ते लिही.

तर्रीपोहे | ४ मे, दुपारी २:२१

मावशी, १७ तारखेला तर दादांना नुसता मेसेज गेला होता, जेवायला ते एक मेला आले.

धंतोलीची_मावशी | ४ मे, दुपारी २:२४

तारखा मोजत बसू नकोस. डॉक्टर.

इतवारीचा_पोऱ्या | ५ मे, दुपारी १:१०

नेलं. उन्हाळ्याचा कोरडा खोकला आहे, छाती साफ आहे, औषध दिलं. परत येताना रिक्षात तेच गुणगुणत होती, या वेळी शब्दांसकट. मोबाइल घरी राहिला होता.